भाऊ पुढच्या शुक्रवारी घरी येतोय: घरच्यांना काय, किती आणि कधी शिकवायचं?

उंबरठा | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार. वाचते बऱ्याच वर्षांपासून, धागा पहिल्यांदाच काढतेय.

तीन महिन्यांपूर्वी धाकट्या भावाला अपघात झाला. मानेत मज्जारज्जूला इजा आहे, फाइलवर 'सी-६' लिहिलंय. खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं. बोटं चालत नाहीत. छातीपासून खाली हालचाल नाही, स्पर्शही कळत नाही. डोकं पूर्वीइतकंच तल्लख आणि जीभ त्याहून. पुढच्या शुक्रवारी घरी आणायचाय.

काल डिस्चार्जची माहिती म्हणून आम्हाला वीस मिनिटं मिळाली. कूस बदलणं, नळी, पोट साफ करणं, व्हीलचेअरवर घेणं, सगळं त्यात. मी व्हिडिओ काढला. घरी येऊन पाहिला तर निम्मा वेळ नुसती नर्सची पाठ दिसतेय.

म्हणून ठरवलंय की बुधवार-गुरुवार रजा टाकून घरच्या सगळ्यांचं दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं. आई, बाबा (कंबर दुखरी), काका (उत्साही), मी आणि नवरा. एक्सेलमध्ये तक्ता केलाय, २३ विषय. प्रत्येकाला सगळं यायला हवं, म्हणजे उद्या कुणी एक आजारी पडलं तरी अडायला नको.

तक्त्यात काय राहून गेलंय ते सांगा. आणि ज्यांनी घरी असं काही केलंय त्यांनी अनुभव लिहा.

---

टिंब | रविवार, रात्री १०:३१

२३ विषय, दोन दिवस. परीक्षा कधी आहे? काकांना पुरवणी परीक्षेची सोय ठेवा.

(हलके घ्या. भाऊ लवकर रुळावर येवो.)

---

मागचा_बाक | रविवार, रात्री ११:०५

काय करायचं त्याच्याआधी काय करायचं नाही ते शिकवा, असं माझं मत. आमची चूक सांगतो.

वडिलांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. पहिले पंधरा दिवस आम्ही त्यांना पलंगावरून उठवायचो ते त्याच लुळ्या हाताला धरून. कधी काखेत हात घालून वर ओढायचो. खांद्याचं हाड जागेवर धरून ठेवणारे स्नायूच ढिले पडलेले असतात, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. खांदा खाली उतरला. चार महिन्यांत वडील काठी घेऊन चालायला लागले, पण तो खांदा पुढे दीड वर्ष ठणकत होता. म्हणजे आजाराने दिलेलं दुखणं आधी गेलं आणि आम्ही दिलेलं मागे राहिलं.

आम्ही त्यांना माझ्या गळ्यात हात टाकायला लावायचो, तेही चूक. त्यांचा तोल गेला की माझी मान जाणार हे उघड होतं. एकदा गेलीच.

---

उंबरठा | रविवार, रात्री ११:२०

बाप रे. आम्ही काल हेच केलं, काखेतून उचललं. लिहून घेतलं. धन्यवाद.

काका मात्र कामाला लागलेत. रोज तासभर त्याच्या हातांचा व्यायाम घेतात. वळलेली बोटं एकेक करून पार सरळ करतात, मनगट मागे दाबून. ते तरी बरोबर आहे ना?

---

फिजिओबाई | सोमवार, सकाळी ६:४८

उंबरठा, बाकीचं नंतर. काकांना आजच्या आज थांबवा.

सी-६ ला बोटं स्वतःहून चालत नाहीत, पण मनगट वर उचलता येतं. मनगट वर गेलं की बोटांच्या लांब शिरा (रक्ताच्या नव्हेत, स्नायूंच्या दोऱ्या, टेंडन) ताणल्या जातात आणि बोटं आपोआप मिटतात. मनगट सोडलं की उघडतात. पेला धरणं, फोन उचलणं, दात घासणं, पुढची सगळी कामं तुमचा भाऊ या एका युक्तीवर करणार आहे. बोटं थोडी आखडलेली राहणं त्याच्या फायद्याचं आहे. मनगट मागे आणि बोटं सरळ, असं दोन्ही एकदम रोज ताणत राहिलात तर त्या शिरा सैल होतील आणि पकड कायमची जाईल. बोटं उघडायची तेव्हा मनगट खाली वाकलेलं हवं. मनगट वर करायचं तेव्हा बोटं मिटू द्यायची. काकांना हे त्याच्या हातावर दाखवून शिकवायला तिथल्या थेरपिस्टना सांगा. नुसतं वाचून करू नका.

आता तक्ता. २३ पैकी २० बाजूला ठेवा. शुक्रवारच्या आत तीनच गोष्टी हातात बसू देत.

त्वचा. झोपलेला असताना दर दोन तासांनी कूस, ही सुरुवात. पुढे गादी कोणती आणि त्वचा कशी राहते ते बघून अंतर बदलता येतं. पूर्ण कुशीवर टाकलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवायचं. पोटरीखाली उशी, टाचा अधांतरी. खुर्चीत असला की दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून भार काढायचा आणि दोन मिनिटं तसंच राहायचं. नुसतं उचकी आल्यासारखं वर-खाली करून रक्त परत पोचत नाही. सकाळ-संध्याकाळ माकडहाड, बैठकीची हाडं, खुबे, घोटे, टाचा बघायच्या. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबूनही पांढरा पडला नाही, लालच राहिला, तर जखम आतून सुरू झालीय. तिथे भार बंद आणि डॉक्टरांना फोन. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताने बघायचं: आजूबाजूपेक्षा गरम, टणक, काळपट? डाग चोळायचा नाही. आणि ती मधे भोक असलेली रबरी चकती कुणी प्रेमाने आणून दिली तर प्रेमाने परत करा, तिच्या कडांनी रक्तपुरवठा अजून अडतो.

पलंगावरून खुर्चीत. पायात जोर नाही म्हणजे उभं करून फिरवणं नाही, सरकपाटी (पलंग आणि खुर्चीमध्ये टाकायची गुळगुळीत फळी) वापरायची. खुर्ची पलंगाला थोडी तिरकी लावून, ब्रेक लावून, खुर्चीचा त्या बाजूचा हात आणि पाय ठेवायचे पायटे काढून. पाटी मांडीखाली नीट सारायची, तिच्यावर उघडी कातडी घासू द्यायची नाही. मग त्याने पुढे झुकायचं. डोकं ज्या बाजूला जातं त्याच्या उलट बाजूला बूड जातं, या नियमावर निम्मं काम होतं. एका झटक्यात न्यायचं नाही, चार-पाच छोट्या सरकण्यांत. मदत करणाऱ्याने गुडघ्यात वाकायचं, कंबरेत नाही, आणि धड पिळायचं नाही. बाबांची कंबर दुखरी आहे तर त्यांना या कामातून वगळा. सगळ्यांना सगळं आलंच पाहिजे असं नसतं.

लघवीची नळी. कायम ठेवलेली आहे की दर वेळी घालून काढायची, ते आधी नीट विचारून घ्या. कायमची असेल तर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली आणि नळीला पीळ नको. दर वेळची असेल तर साधारण चार ते सहा तासांनी, ठरलेल्या वेळी. अशी नळी घरी घालायला सगळं निर्जंतुकच हवं असं घाबरवलं जातं. १९७२ मध्ये जॅक लॅपिडिस या मूत्रविकारतज्ज्ञाने दाखवून दिलं की स्वच्छ हात, स्वच्छ नळी आणि वेळ पाळणं महत्त्वाचं. मूत्राशय तुडुंब ताणून ठेवणं जास्त घातक.

एवढं बसलं की मग बाकीचं. व्हिडिओ काढू नका. तुम्ही करा, नर्सला बघू द्या.

---

लंबकर्ण | सोमवार, सकाळी ९:१५

फिजिओबाई, दंडवत. वाचनखूण साठवली.

एक भर: उचलताना 'एक, दोन, तीन' म्हणता ना? तीनला उचलायचं की तीन म्हणून झाल्यावर, हे आधी ठरवा. आमच्या घरात दोन पंथ आहेत. आजी मधोमध लटकलेली असताना त्या दोन पंथांत झालेला वाद मी विसरणार नाही, आणि आजी तर नाहीच.

---

शब्दवेल्हाळ | सोमवार, सकाळी १०:०२

अवांतर: केअरगिव्हरला मराठीत काय म्हणावं? 'काळजीवाहू' म्हटलं की काळजीवाहू सरकार डोळ्यासमोर येतं.

टिंब | सोमवार, सकाळी १०:०९

बरोबरच आहे की. धोरणात्मक निर्णय घ्यायचे नाहीत, रोजचा कारभार तेवढा बघायचा.

शब्दवेल्हाळ | सोमवार, सकाळी १०:११

😀 हे चेष्टेत म्हणालात, पण नेमकं आहे.

---

दुर्बीण | सोमवार, दुपारी १:३०

थोडं थंड पाणी ओततो. घरच्यांना शिकवलं की फायदा होतोच, हे आपण सगळे गृहीत धरतोय. स्ट्रोकच्या बाबतीत तरी पुरावा इतका सरळ नाही.

२००४ मध्ये लंडनमध्ये ३०० रुग्णांवर अभ्यास झाला. घरच्यांना हाताळणी, गुंतागुंत टाळणं वगैरे शिकवलं. वर्षाने पाहिलं तर खर्च कमी, घरच्यांवरचा भार कमी. सगळे खूश. मग तेच प्रशिक्षण ३६ केंद्रांत, ९२८ रुग्ण आणि त्यांच्या काळजीवाहूंवर करून पाहिलं. २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: सहा महिन्यांनी फरक नाही. २०१७ मध्ये भारतातला 'अटेंड' अभ्यास, पुन्हा लॅन्सेट: १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण, घरच्यांकडून पुनर्वसनाचे व्यायाम. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन किती, तर शिकवलेल्या गटात ४७ टक्के आणि न शिकवलेल्या गटातही ४७.

शिकू नका असं म्हणत नाही. पण शिबिर झालं म्हणजे काम झालं, असं समजू नका.

---

फिजिओबाई | सोमवार, रात्री ९:२२

दुर्बीण, आकडे बरोबर आहेत. पण २०१३ च्या अभ्यासकांनीच पुढे काय म्हटलंय तेही सांगा ना. आजारानंतर लगेचचा काळ अशा आखीव प्रशिक्षणाला कदाचित योग्य नसावा, असं त्यांचं म्हणणं होतं. माझा अनुभव तोच. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी नातेवाईक मान डोलावतात, डोक्यात काही शिरत नाही. आठवड्याने घरी जाऊन बघावं तर उशा उलट्या लावलेल्या असतात.

आणि 'अटेंड'चं मुख्य मोजमाप मृत्यू आणि परावलंबन हे होतं. मागचा_बाक यांच्या वडिलांचा खांदा त्या ४७ टक्क्यांत कुठेच दिसत नाही. तो खांदा वाचवायला शिकवलंच पाहिजे. फक्त थोडं आधी, थोडं घरी, थोडं महिन्याने.

---

बाळूची_आई | सोमवार, रात्री १०:४०

माझा मुलगा ११ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. तो चार वर्षांचा असताना आम्ही पालकांच्या एका वर्गाला जात होतो. शिकवणाऱ्या ताई तज्ज्ञ नव्हत्या, त्यांनाही कुणीतरी शिकवून तयार केलेलं. पुढे कळलं की जागतिक आरोग्य संघटनेचा २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी जो कार्यक्रम आहे, तोही याच घाटाचा: नऊ गटसत्रं आणि तीन वेळा घरी भेट.

गटातलं मला फारसं आठवत नाही. घरी भेटीला आलेल्या ताई कोपऱ्यात बसून मी बाळूला कपडे घालते ते बघत होत्या. मी नेहमीसारखी सोप्या हातापासून सुरुवात केली आणि मग आखडलेला हात बाहीत कोंबायला लागले, तो रडायला लागला. त्या एवढंच म्हणाल्या, "उलट करून बघा." घालताना आखडलेला हात आधी, काढताना तो शेवटी. चार वर्षं आम्ही दोघं रोज सकाळी भांडत होतो ते या एका बाहीवरून.

दुसरं त्यांनी शिकवलं ते जास्त अवघड गेलं. त्याला काही विचारलं की मनात दहापर्यंत मोजायचं, मधे बोलायचं नाही. मला सहाच्या पुढे जाता यायचं नाही. एकदा कशीबशी दहापर्यंत गेले आणि नवव्या आकड्याला त्याने चित्रांच्या पाटीवर बोट ठेवलं. म्हणजे तो उत्तर देत होता, मीच आधीच निघून जात होते.

---

चाकोरी | मंगळवार, सकाळी ७:५५

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माहिती उत्तम. पण ज्याला सरकवायचं, ज्याची कातडी तपासायची, ज्याची नळी, तो माणूस या धाग्यात कुठाय? शिबिरात शिकणारी पाच नावं आहेत. शिकवणाऱ्यांत त्याचं नाव नाही, शिकणाऱ्यांतही नाही. 'डोकं तल्लख' म्हणता, मग त्या डोक्याला एक खुर्ची द्या की.

मी चौदा वर्षं व्हीलचेअरवर आहे, टी-४, म्हणजे छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा. हात धड आहेत. पहिल्या वर्षी माझ्या घरचे इतके तयार झाले होते की मला तहान लागायच्या आत पेला तोंडाशी यायचा. पुढे एकदा घरी कुणी नव्हतं आणि पाण्याचा जग समोर. मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो, आपल्याला उचलता येईल हे सुचेचना. घरच्यांचं प्रशिक्षण पूर्ण झालं होतं, माझं मोडलं होतं.

एड रॉबर्ट्स नावाचा माणूस होता. पोलिओने मानेखालचं शरीर गेलेलं, झोपायला लोखंडी फुप्फुस (श्वास चालवणारं पेटीसारखं यंत्र) लागायचं. त्याने आणि त्याच्यासारख्यांनी १९७२ मध्ये बर्कलीत स्वतंत्र जीवन केंद्र उभं केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: हात दुसऱ्याचे असले तरी चालतील, काय आणि कसं करायचं ते मी सांगणार.

---

जुने_खोड | मंगळवार, दुपारी १२:१०

चाकोरी, तत्त्व मान्य. पण तुम्ही चौदा वर्षांनंतर बोलताय, त्या मुलाला तीन महिने झालेत. माझा पुतण्या पहिले सहा महिने भिंतीकडे तोंड करून होता. त्याला कुणी "आता तूच आम्हाला शिकव" म्हटलं असतं तर त्याने उशी फेकून मारली असती, फेकता आली असती तर. आणि सगळ्या गोष्टी विचारून करायला वेळ नसतो. अडीनडीला घरच्यांनाच हालचाल करावी लागते.

---

चाकोरी | मंगळवार, दुपारी २:३५

खोडकाका, पहिला मुद्दा मान्य. जबरदस्ती नको. एकच प्रश्न विचारून बघा, तोंड फिरवलं तर गप्प बसा, आठवड्याने पुन्हा विचारा.

दुसरा मात्र नाही. अडीनडीचंच उदाहरण देतो, आणि उंबरठा, हे तक्त्यात नसेल तर सगळ्यात वर लिहा. छातीच्या टी-६ मणक्यापासून वरच्या इजेत, म्हणजे तुमच्या भावाला आणि मलाही, इजेच्या खाली काही बोचलं की शरीर बिथरतं. भरलेलं मूत्राशय, नळीला पीळ, अडलेलं पोट, घट्ट बूट, आत वळलेलं नख, काहीही. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, कपाळाला घाम सुटतो आणि रक्तदाब झपाट्याने वर जातो. मेंदूत रक्तस्राव होण्यापर्यंत जाऊ शकतं. आडवं असेल तर ताबडतोब सरळ बसवायचं, पाय खाली सोडायचे, घट्ट ते सगळं सैल करायचं, पहिल्यांदा नळी बघायची. मिनिटांत उतरलं नाही तर थेट इमर्जन्सी. आणि एक लक्षात ठेवा, आमचा रोजचा दाब मुळातच कमी असतो. वरचा आकडा नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढला तरी तो धोका आहे, मशीनवर १३० दिसतं आणि समोरचा म्हणतो "नॉर्मल आहे की". नेहमीचा आकडा कार्डावर लिहून खिशात ठेवा.

आता सांगा, हे सुरू होतंय ते सगळ्यांत आधी कुणाला कळतं? डोकं त्याचं दुखतं. तुम्ही घरातल्या पाचांना लक्षणं पाठ कराल आणि त्याला सांगणारच नाही?

---

फिजिओबाई | मंगळवार, दुपारी ३:०१

+१. पुनर्वसनात हे रीतसर शिकवतात. हात चालत नसले तरी आपली काळजी तोंडी सांगून नीट करवून घेता येणं, हे कौशल्य म्हणून तपासलं जातं. मी माझ्या प्रतिसादात ते लिहायला विसरले. लाज वाटली.

---

जुने_खोड | मंगळवार, दुपारी ३:२०

बरं बुवा. पुतण्याला आत्ता फोन केला. त्याला हे माहीत होतं. मला नव्हतं.

---

रातराणी | मंगळवार, रात्री १:४५

वेळेवरून कळेलच, दोनची कूस बदलायला जागी आहे. नवरा, सात वर्षं.

या यादीत माझ्यासाठी एक विषय टाका: कुणी कधी झोपायचं. आम्हाला सगळं शिकवलं गेलं, हे नाही. दोन वर्षांनी एका समुपदेशकाने झारिट नावाची प्रश्नावली भरायला दिली, काळजी घेणाऱ्याच्या ओझ्याची. २२ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार. "नातेवाइकाजवळ असताना तुम्हाला राग येतो का" अशा अर्थाचा एक प्रश्न आहे. मी शून्य लिहिलं. खोडलं. तीन लिहिलं. कागद पालथा घालून नवऱ्यापासून लपवला, जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

आता आठवड्यातून दोन रात्री दीर येतो. पहिल्या रात्री मी झोपलेच नाही, त्याने उशी नीट लावली का ते ऐकत पडले होते. नवऱ्याने हाक मारून सांगितलं, "बरोबर लावलीय, झोप."

उंबरठा, आईला पहिल्या दिवसापासून रात्रीच्या पाळीतून सुट्टी द्या. ती मागणार नाही.

---

मागचा_बाक | बुधवार, सकाळी ८:३०

रातराणी 🙏

---

उंबरठा | बुधवार, रात्री ९:५०

दोन दिवस गप्प होते कारण काय लिहावं कळेना. सोमवारी रात्री थोडा रागही आला होता, मंगळवारी सकाळी चाकोरींचा तर फारच. मग तो प्रतिसाद मी भावाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "हा माणूस मला आवडला. तुझा तक्ता दाखव."

तक्ता बघून तो इतका हसला की नर्स धावत आली. मग म्हणाला लिही. जसं सांगितलं तसं देतेय:

माझे पाय उचलायच्या आधी सांगा. मला ते कळत नाहीत, अचानक माझाच गुडघा डोळ्यासमोर येतो आणि मी दचकतो.

मोजणी मी करणार. तीनला उचलायचं. (लंबकर्ण यांना कळवावे.)

पोट साफ करायचं काम आई करणार नाही. ताई पण नाही. भाओजींना विचारा, नाहीतर पगारी माणूस ठेवू. हे मी कुणाला सांगू शकत नव्हतो.

माझ्याबद्दल माझ्या डोक्यावरून बोलायचं असेल तर दुसऱ्या खोलीत जा, निदान कुजबुजू नका.

काकांनी व्यायाम सोडू नये, फक्त बरोबर शिकावा. त्यांना काहीतरी काम हवंय.

शेवटचं ऐकून काका बाहेर जाऊन उभे राहिले बराच वेळ. आज ते थेरपिस्टकडे तासभर बसले, मनगट वर तर बोटं मिटू द्यायची, हे स्वतःच्या हातावर करत. शिबिर रद्द. तीन गोष्टी, फिजिओबाईंच्या. आज मी चारदा सरकपाटी लावली, दोनदा चुकले, नर्स बघत होती. नवऱ्याने पोटाचं काम शिकायला होकार दिला, एका शब्दात, मला वाटलं होतं वेळ लागेल.

---

टिंब | बुधवार, रात्री १०:०४

तीनला उचलायचं, हा निकाल अंतिम समजावा काय?

लंबकर्ण | बुधवार, रात्री १०:१५

आमचा पंथ हरला. मान्य.

---

उंबरठा | ११ दिवसांनी, रविवार, सायंकाळी ७:३०

धागा वर काढतेय. घरी येऊन नऊ दिवस झाले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "ताई, डोकं. नळी बघ." घाम होता, चेहरा लाल. नळी बघितली तर खुर्चीच्या पायट्याखाली चेपलेली, पिशवी रिकामी. सोडवली. पाच मिनिटांत उतरलं. दाब १४२ होता, त्याचा नेहमीचा ९८. बाबा मशीन बघून म्हणाले, एवढा काही जास्त नाही. आईने खिशातलं कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं.

डाव्या टाचेला एक डाग आहे, दाबला की पांढरा होतो. उशी पोटरीखालून रात्री घसरते. यावर कुणाकडे काही उपाय आहे का?

---

रातराणी | रविवार, रात्री ११:५५

एक लांब उशी घेतलीत तर कमी घसरते, गुडघ्याच्या खालपासून घोट्याच्या वरपर्यंत पुरेल अशी. दोन छोट्या ठेवल्या की एक निघून जातेच. टाच मोकळी आहे ना ते उशीखाली नाही, टाचेखाली हात घालून बघा, कागद आरपार गेला पाहिजे. आणि तो डाग उद्या सकाळी पुन्हा दाबून बघा.

रात्री कोण उठतंय?

---

उंबरठा | सोमवार, सकाळी ६:२०

काका आणि नवरा, आलटून पालटून. आई झोपते. पहिल्या दोन रात्री दाराशी येऊन उभी राहायची, मग भावाने आतून ओरडून सांगितलं.

डाग आत्ता बघितला. फिकट झालाय. लांब उशी आज आणते.